यादीतले पत्ते : मराठी कादंबरी आणि मुंबईची उपनगरे

मराठी कादंबऱ्यांची एक यादी मी गेली पाच वर्षे प्रकाशनाच्या क्रमाने वाचते आहे. यादी मी तयार केली असली तरी तिच्यातली निवड माझी नाही. १८५० ते १९५० या शतकासाठी कुसुमावती देशपांडे यांचा ग्रंथ समोर ठेवला, पुढच्या पंचवीस वर्षांसाठी भालचंद्र नेमाडे यांचा ‘टीकास्वयंवर’मधला कादंबरीवरचा लेख, आणि त्यानंतरच्या काळासाठी साहित्य अकादमीचे पुरस्कार. शिवाय आमच्या मुलुंडच्या वाचनालयात ज्या प्रतींची शिवण सुटली आहे, म्हणजे ज्या लोकांनी खरोखर घरी नेल्या आहेत, त्यांतली काही नावे. असा ११० आकडा जमला. त्यांपैकी ९६ वाचून झाल्या. वाचन बहुतेक सारे प्रवासातले. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथे मेट्रो पकडून अंधेरी, आणि संध्याकाळी तेच उलट्या दिशेने.

क्रमाने वाचताना आवडीनिवडीला वाव राहत नाही, आणि अभ्यासक्रमांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली पुस्तके शेजारी येऊन बसतात. ‘ययाति’ आणि ‘फकिरा’ या दोन्ही १९५९च्या. एक उपभोगात बुडालेल्या राजाची, दुसरी दुष्काळात धान्य लुटून माणसे जगवणाऱ्या मांग तरुणाची. पुढच्याच वर्षी उद्धव शेळके यांची ‘धग’. या तिन्ही एका महिन्यात लागोपाठ वाचल्या तेव्हा ‘ययाति’ची वाक्ये फार सावकाश, अंगावर दागिने घालून चालल्यासारखी वाटू लागली. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले ते याच कादंबरीसाठी, आणि तिचे वाचक अजून संपलेले नाहीत, हे मान्य. पण तिच्यात कुणालाही कधी भूक लागत नाही, हे ‘धग’च्या शेजारी ठेवल्यावर लपत नाही.

वाचताना मी वहीत दोन रकाने ठेवले. पात्रे कुठे राहतात हा पहिला. लेखक ते लिहिण्याच्या काळात कुठे राहत होता हा, जिथे कळले तिथे, दुसरा. समीक्षेची ही काही फार प्रतिष्ठित रीत नव्हे. पण रकाने भरत गेले तसे दिसू लागले, की सुरुवातीला हे दोन पत्ते बरेचसे जवळ आहेत आणि १९५०नंतर ते एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. लेखक मुंबईच्या उपनगरांत राहायला येतो. त्याची कादंबरी येत नाही.

खरे तर मराठी कादंबरीची सुरुवात घराबाहेर पडण्यानेच झाली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांच्या हकिकती ऐकते आणि पुढे तिच्यावरही तीच वेळ येते. त्याआधी चारच वर्षे, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला गेली होती. आज ज्यांना घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड म्हणतो त्या शिवारांतूनच ती धावली. म्हणजे मराठी कादंबरी आणि ही रेल्वे जवळजवळ एका वयाच्या. पण कादंबरीतली माणसे या स्थानकांवर उतरायला फार काळ जावा लागला.

हरिभाऊ आपट्यांची यमू हीही यमुनाच. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही हरिभाऊंनी १८९०मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’मधून क्रमशः आली. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण या अंगांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पत्त्यांचा रकाना भरताना माझे लक्ष वेगळीकडे गेले. यमू पुण्यातल्या एका भरल्या घरात वाढते आणि तशाच दुसऱ्या घरात दिली जाते. त्या घरात माणसे पुष्कळ, पण नवराबायकोने दिवसाउजेडी चार शब्द बोलावेत अशी जागा एकही नाही. मग रघुनाथरावांबरोबर ती मुंबईला येते आणि त्यांचे बिऱ्हाड सुरू होते. इथे गद्यच बदलते. पुण्याच्या भागात यमू बहुतेक ऐकलेले सांगत असते : कोण काय म्हणाले, कुणी कुणाला काय लावले, त्यावर कुणी तोंड कसे केले. मुंबईच्या भागात ती स्वतःच्या मनातले सांगू लागते, वाचलेल्याविषयी बोलू लागते, थट्टाही करते. स्वातंत्र्य, सुधारणा हे मोठे शब्द जरा बाजूला ठेवले, तर हरिभाऊंनी दाखवले ते एवढेच : दार लावून घेता येईल अशी जागा मिळाली की बाईच्या बोलण्याची घडण बदलते. रघुनाथराव जातात आणि तिला पुन्हा पुण्याच्या घरात यावे लागते. शंकरमामंजींच्या हातून तिचे पुढे जे हाल होतात ते वाचवत नाहीत. पण बिऱ्हाड मोडते तिथेच तिचे निम्मे मरण होऊन गेलेले असते. मुंबईतले भाड्याचे बिऱ्हाड ही आपल्या कादंबरीतल्या बाईला मिळालेली पहिली सुखाची जागा आहे, असे माझे मत झाले आहे.

पुढची पन्नासेक वर्षे मी इथे भरभर ओलांडते. फडक्यांच्या बंगल्यांना पत्ता असला काय, नसला काय, सारखेच. केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्ये’ला (१९३०) कादंबरी म्हणून शंभर दोष लावता येतील. तिच्यातली माणसे बोलत नाहीत, व्याख्याने देतात. तरीही कालिंदीने या समाजात राहायचे कुठे, हा प्रश्न इतक्या थेटपणे आधी कुणी विचारला नव्हता. वामन मल्हारांच्या ‘इंदू काळे व सरला भोळे’त (१९३४) पत्राच्या रूपाने पत्ते प्रत्यक्षच येतात. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगणा’त (१९३९) पत्ता म्हणजे एक बोट, चक्रधर मुंबईला उतरतो आणि हार्टाला उतरायला बंदरच नाही. विभावरी शिरूरकरांच्या ‘बळी’त (१९५०) तो तारेच्या कुंपणामागच्या वसाहतीचा आहे, जिथे जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची हजेरी घेतली जाते.

त्यानंतर यादीत येते ती प्रादेशिक म्हटल्या गेलेल्या कादंबऱ्यांची लांब रांग, आणि इथेच माझ्या दोन रकान्यांची फारकत सुरू होते. या रांगेतल्या चांगल्या कादंबऱ्या मी पुन्हा वाचीन, पण एक गोष्ट त्यांत सारखी समोर येते. ‘बनगरवाडी’ (१९५५) संपते तेव्हा दुष्काळाने वाडी उठलेली असते. ‘धग’मधली कौतिक नवऱ्याला आपल्या माहेरच्या गावी घेऊन जाते, जागा बदलली की दिवस बदलतील असा तिचा हिशेब असतो, आणि कादंबरी तो एकेक आकडा खोडत जाते. ‘रथचक्रा’तली (१९६२) आई मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाचे घर सोडते. सगळे निघतात. कादंबरी त्यांच्याबरोबर शिवेपर्यंत येते, फार तर तालुक्याच्या गावापर्यंत. ती निघणाऱ्यांची कादंबरी आहे. बनगरवाडीतून उठलेली किंवा कोकणातून पोटासाठी आलेली माणसे शेवटी जिथे पोचली, तिथले रात्रीचे जेवण, तिथले पाण्याचे भांडण, तिथली पहिली दिवाळी तिने पाहिलेली नाही.

श्री. ना. पेंडसे यांचेच पाहा. आयुष्यभराची नोकरी ‘बेस्ट’मध्ये, त्या उपक्रमाची कथाही त्यांनी लिहिली. मुंबई सकाळी कामाला कशी जाते आणि रात्री घरी कशी परतते, हे त्यांच्याइतके जवळून ठाऊक असलेला दुसरा मराठी कादंबरीकार नसेल. पण ‘गारंबीचा बापू’पासून (१९५२) ‘तुंबाडचे खोत’च्या (१९८७) दोन खंडांपर्यंत त्यांचा मोठा ऐवज दापोलीच्या परिसरातला. ही तक्रार नाही. बापूला बसच्या रांगेत उभे करण्याची माझी इच्छा नाही. फक्त, ज्या काळात हा लेखक गारंबी लिहीत होता त्याच काळात मुंबई महापालिकेची हद्द १९५०मध्ये माहीम-शीवच्या पलीकडे उपनगरांत गेली आणि १९५७मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. ‘यमुनापर्यटना’ला शंभर वर्षे झाली त्याच साली बोरिवली आणि मुलुंड मुंबईत आली.

मुंबईच्या कादंबऱ्या नाहीत असे कुणी म्हणणार नाही. भाऊ पाध्ये यांची ‘वैतागवाडी’ आहे, ‘वासूनाका’ आहे. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३), मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९), अरुण साधू यांची ‘मुंबई दिनांक’ (१९७३), किरण नगरकर यांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) आहे. यांतल्या ‘वैतागवाडी’वर मी सर्वांत जास्त रेंगाळले. लग्न झाले आहे, पण राहायला जागा नाही, अशा माणसाची ती वणवण आहे. हरिभाऊंनी ज्या बिऱ्हाडात सुख दाखवले ते बिऱ्हाड मिळवणे हेच आता सगळे कथानक होऊन बसते. पाध्यांना त्यात विनोद दिसतो, आणि त्या विनोदाने पोटात गोळा येतो. मात्र जागा शोधण्याची कादंबरी मिळाली तरी जागा मिळाल्यानंतरची मिळत नाही. ब्लॉक मिळाला की आपला कादंबरीकार अभिनंदन करून निघून जातो. ‘माहीमची खाडी’चा पत्ता तर फारच बोलका आहे. ती खाडी म्हणजेच शहर आणि उपनगर यांच्यामधली हद्द. कादंबरी बरोबर वेशीवर येऊन थांबते. नेमाड्यांच्या ‘बिढार’मधला चांगदेव पाटील मुंबईत मित्रांत, मासिकांत, खोल्यांत वावरतो आणि शेवटी मुंबईच सोडतो.

आता घाटकोपर. स्टेशनच्या पश्चिमेला चिरागनगर आहे. अण्णा भाऊ साठे यांचे तिथल्या झोपडीत बरीच वर्षे वास्तव्य होते. पुढे ते गोरेगावला राहायला गेले आणि तिथेच १८ जुलै १९६९ रोजी वारले. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावहून लहानपणी आईबापांबरोबर चालत मुंबईला आलेला हा माणूस. गिरणीत काम केले, लाल बावटा कलापथकातून गायले, आणि तिसाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ त्यांतली सर्वांत मोठी, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. मी ती घाटकोपर आणि अंधेरीच्या दरम्यान वाचली, आणि माझ्या वहीतले दोन रकाने इतके दूर दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात गेले नाहीत. पात्रांचा पत्ता वारणेचे खोरे. लेखकाचा पत्ता घाटकोपर.

याचा अर्थ अण्णा भाऊंनी घाटकोपरकडे पाहिले नाही असा मुळीच नाही. ‘चिरागनगरची भुतं’ हा त्यांचा कथासंग्रह आहे. मला महत्त्वाची वाटते ती ही वाटणी : वारणेला कादंबरी, चिरागनगरला कथा. आणि ती एकट्या अण्णा भाऊंची नाही. बाबूराव बागुलांची मुंबई सर्वांत प्रखर आहे ती ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आणि ‘मरण स्वस्त होत आहे’ या कथासंग्रहांत. कादंबरीला, निदान मराठी कादंबरीला, मागे वडील लागतात, जमीन लागते, कुणीतरी केलेला जुना अन्याय लागतो. ‘फकिरा’ची सुरुवात नायकापासून होत नाही, ती त्याच्या बापापासून, जोगणी आणायला गेलेल्या राणोजीपासून होते. राणोजीच्या मरणाशिवाय फकिराला उभे राहायला पायच नाहीत. चिरागनगरात कुणाचा बाप तिथला नव्हता. तिथे रोज नवा माणूस येत होता आणि उद्या असेल की नाही याची खात्री नव्हती. अशा ठिकाणाला कथेचा आवाका पुरतो, असे त्या पिढीच्या लेखकांना वाटले असावे. तेव्हा ते बरोबरही असेल. पण आज चिरागनगरात आजोबा तिथलेच असलेली पोरे आहेत.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि मला ते अधिक अवघड वाटते. शेळक्यांनी ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोलीचा प्रश्न सोडवला, अण्णा भाऊंनी वारणेच्या बोलीचा. निवेदन एका मराठीत, संवाद दुसऱ्या मराठीत, अशी एक वहिवाट पडली आणि समीक्षेने तिला ‘प्रदेश’ म्हटले. उपनगराला असा प्रदेश नाही. आमच्या इमारतीतली नोटीस इंग्रजीत लागते, सभा हिंदीत होते, भांडण मात्र मराठीत आणि गुजरातीत. ज्या बाईचे सगळे आयुष्य कांदिवलीला गेले आहे ती दिवसातून चार भाषा बोलते आणि स्वप्न कुठल्या भाषेत पाहते ते तिलाही सांगता येणार नाही. तिचा संवाद मराठी कादंबरीत लिहायचा कसा? पाध्यांनी ‘वासूनाका’त नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी घेतली, आणि आचार्य अत्र्यांपासून अनेकांनी त्यांना झोडपले. वाद अश्लीलतेचा झाला, तो तिथेच राहिला. त्यातला खरा प्रश्न, म्हणजे मराठी कादंबरीत न-मराठी बोलणे बसवायचे कसे, कुणी नीट चर्चेला घेतलाच नाही. इतक्या मोठ्या वादाची इतकी कमी कमाई झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

अकादमीच्या यादीने या बाबतीत काही मदत केली नाही. ‘झाडाझडती’, ‘तणकट’, ‘बारोमास’ या सन्मान मिळालेल्या कादंबऱ्या आपापल्या जागी भक्कम आहेत. ‘बारोमास’मधल्या शिकलेल्या एकनाथाची कुचंबणा वाचताना मी उतरायचे स्टेशन विसरले. पण त्यांतून जी वाट दिसते ती पुन्हा गावाकडची. धरणाने उठलेल्या माणसांची ‘झाडाझडती’ १९९२ची, आणि २०२३चा पुरस्कार मिळालेली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ पुन्हा धरणाने उठलेल्यांचीच. गौरी देशपांडे यांच्या नायिका उपनगर ओलांडून थेट परदेशात जातात. ‘तेरुओ’ वाचताना जपान समोर उभा राहतो, आणि कुर्ल्याच्या पलीकडले काही दिसत नाही.

आणि लेखक? वांद्रे पूर्वेला ‘साहित्य सहवास’ ही मराठी लेखकांनीच उभी केलेली वसाहत आहे. तिथल्या इमारतींना साहित्यातली नावे आहेत. एकीचे नाव ‘उषःकाल’. हरिभाऊंच्या कादंबरीचे नाव उपनगरातल्या इमारतीवर लागले. त्या इमारतीतला एक मुलगा पुढे क्रिकेट खेळून जगप्रसिद्ध झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण अशा वसाहतीत लेखक माणसे एकमेकांशेजारी कशी राहिली, कुणाच्या घरातला आवाज कुणाच्या घरात गेला, यावर आठवणी निघाल्या, लेख निघाले. ‘उषःकाल’च्या जिन्यावर घडणारी मराठी कादंबरी माझ्या यादीत तरी नाही.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण असे, की ज्या उपनगराविषयी मी बोलते आहे ते आता उरलेले नाही. पार्ले, बोरिवली, मुलुंड इथल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. आमचीही इमारत पुढच्या वर्षी रिकामी करायची आहे. गिरणगाव मोडण्याच्या आधी त्यावर नाटके, कथा, शाहिरी असे काही ना काही लिहून झाले होते, त्यामुळे मोडल्यानंतरही त्याची एक आठवण भाषेत शिल्लक आहे. गॅलरीला काचा लावून खोली वाढवण्याची ती युक्ती, गणपतीच्या वर्गणीवरून दोन वर्षे बंद असलेले बोलणे, गॅस आला तो दिवस, पहिल्या मजल्यावरच्या फोनवर सगळ्या इमारतीला येणारे निरोप : यांतले बरेच सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत आणि बायकांच्या बोलण्यात आहे. आमच्याकडची वही १९६८पासूनची आहे. तिच्यातली भाषा कोरडी आहे, पण कुणाच्या नळाने कुणाची भिंत ओली झाली हे तिच्यात सालवार सापडते. ही वही मी यादीतल्या कित्येक कादंबऱ्यांपेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचली.

या यादीत मला उपनगराची सर्वांत जवळची जी कादंबरी मिळाली ती पुरस्कारांच्या यादीतून नाही, शिवण सुटलेल्या प्रतींतून मिळाली : मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४). काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे तीन मित्र बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत बसतात. तिथून रस्ता न्याहाळतात, मुली पाहतात, सिगारेट ओढतात, शाळेतल्या मास्तरांची निंदा करतात. ‘शाळा’ लोकांना आवडते ती कोवळ्या प्रेमासाठी, जोशी आणि शिरोडकरसाठी. मला ती महत्त्वाची वाटते ती त्या इमारतीसाठी. वाडा, चाळ, झोपडी, वाडी यांना मराठी कादंबरीत भूतकाळ असतो. या इमारतीला नाही. तिला अजून भिंतीसुद्धा पुऱ्या नाहीत. गावही असेच, ना धड खेडे ना धड शहर, आणि मुलांना आपल्या गावाचे कौतुकही नाही आणि दुःखही नाही. ती फक्त तिथे वाढतात. भाषाही तशीच : पाठ्यपुस्तकातली मराठी आणि मुलांची आपसांतली सांकेतिक मराठी, दोन्ही सरमिसळ, आणि कुठेही बोलीचे प्रदर्शन नाही. निघणाऱ्यांच्या दीर्घ परंपरेनंतर पोचलेल्यांच्या मुलांची म्हणता येईल अशी ही कादंबरी आहे. तिचे दुबळेपण एवढेच की मोठ्या माणसांकडे ती मुलाच्याच उंचीवरून पाहते, आणि त्यामुळे घर कसे घेतले, हप्ते कसे फेडले, आईने काय सोडले हे सगळे दाराआड राहते.

त्यानंतरची गणेश मतकरी यांची ‘खिडक्या अर्ध्या उघड्या’ (२०१४) वेगवेगळ्या निवेदकांच्या तोंडून आजची मुंबई सांगते; कथा की कादंबरी असा प्रश्न तिच्याविषयी विचारला जातो, आणि अण्णा भाऊंच्या वाटणीची आठवण ठेवली तर तो प्रश्न फुकटचा नाही. सुट्या कथा एकमेकींना भिंतीने चिकटून राहाव्यात तशी तिची रचना आहे. ब्लॉकांच्या इमारतीला हीच रचना शोभते की काय, हे ठरवायला मला तिचे दुसरे वाचन करावे लागेल. यादीतली १४ पुस्तके अजून बाकी आहेत. त्यांच्या आधी मी हेच घेणार आहे.